काच शाबूत

बारा कमानींच्या पहिल्या खांबावर चिकटवलेला कागद गोपाळकृष्णांनी तीनदा वाचला. एकदा चष्म्यातून, एकदा चष्मा धोतराच्या सोग्याला पुसून, आणि तिसऱ्यांदा नुसती खालची सही. वर टाइप केलं होतं की ही इमारत धोकादायक असल्याचा संशय आहे, चार महिने तपासणी चालेल आणि मग ती पाडायची की नाही हे इमारतीचा मालक ट्रस्ट ठरवील. खाली नाव होतं, देवदत्त रिसबूड, इंजिनिअर, सांगली. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली आणि तिच्याखाली दोन ठिपके. पंचवीस वर्षांत माणसं म्हातारी होतात. ही सही तेवढी होती तशीच होती.

१९९४ सालचा जून महिना. साताऱ्याच्या त्या जुन्या पेठेत बारा कमानी म्हणजे काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली लांबलचक इमारत. खाली बारा गाळे, वर कित्येक वर्षं कुलपात असलेला मजला. कधीकाळी इथे धान्याचा बाजार भरे. आता पेढे, घोंगड्या, तांब्याची भांडी, सुतळी आणि चहा. पाचव्या गाळ्यातला पेढेवाला नानासो हात पुसत बाहेर आला.

"काका, तुमी तरी नीट वाचून सांगा. पाडणार व्हय?"

"अजून ठरलं नाही."

"कागद लागला म्हंजी ठरलंच की." नानासोने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "आन् तुमी हसताय?"

गोपाळकृष्णांनी तोंडावरून हात फिरवला. ते खरोखरच हसत होते.

त्यांना पेठेत सगळे वाचनालयवाले काका म्हणून ओळखत. एकसष्ट वर्षांचा, एकटा, खाली मान घालून चालणारा माणूस. वाचनालयाचं कुलूप लावल्यावर पुन्हा दोनदा ओढून पाहणार, वाटेतून परत येऊन तिसऱ्यांदा ओढणार. कुणी मोठ्या आवाजात बोललं की यांचंच काही चुकलं असावं असा चेहरा करणार. असल्या माणसाच्या मनात पंचवीस वर्षं एक माणूस रोज मरत होता, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

तो माणूस म्हणजे ही सही करणारा.

१९६९ साली गोपाळकृष्ण सांगलीत देवदत्त रिसबूडच्या ऑफिसात नकाशे काढायचे काम करत. तिथल्या हळदीच्या पेठेत तेव्हा हळदकट्टा नावाची अशीच दगडी इमारत होती. चौथ्या गाळ्यात त्यांच्या थोरल्या भावाचं, सुमंतदादाचं बाइंडिंगचं दुकान होतं. व्यापाऱ्यांच्या लाल कापडी वह्या दादा बांधे, आणि कट्ट्यावर आलेला शेतकरी हळद विकून झाली की खाली चहा घेई, टोपी शिवायला टाकी, पोरांसाठी पाटी घेई. एकाच्या आधाराने दुसरा जगत होता. इमारत पाडून तिथे तीन मजली कॉम्प्लेक्स बांधायचं मालकांच्या मनात आलं. त्याचे नकाशे देवदत्तच काढणार होता. फक्त जुनी इमारत धोकादायक ठरायला हवी होती.

भिंतीला भेगा होत्या. जुन्या भिंतींना असतातच. भेग जिवंत आहे की मेलेली हे कळायला तिच्यावर काच लावतात. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, पातळ पट्टी. एक टोक भेगेच्या या अंगाला, दुसरं त्या अंगाला, गिलाव्याने घट्ट बसवायचं आणि तारीख लिहायची. भिंत केसाएवढी जरी हलली तरी काच तुटते. नाही तुटली तर भेग कधीच थांबलेली आहे, भिंत ठणठणीत आहे. गवंडी तिला साक्ष म्हणतात.

हळदकट्ट्याला अकरा साक्षी लावल्या. तीन महिन्यांनी तपासायला गोपाळकृष्ण गेले तेव्हा सात फुटलेल्या होत्या. पण कशा? भिंत सरकून तुटलेली काच भेगेबरोबर एका रेघेत तुटते. या काचांवर मधोमध एक पांढरा ठिपका होता आणि त्यातून चहूकडे चरे गेले होते, चांदणीसारखे. खाली काचेचा चुरा पडला होता. घाव घातल्यावर पडतो तसा.

त्यांनी ते पाहिलं. पाहिलं आणि लगेच वाटलं, आपल्याला काय कळतंय? आपण नकाशे काढणारे. असतीलही अशा तुटत. तरी ते साहेबांकडे गेले आणि चाचरत म्हणाले, "साहेब, काचा जरा निराळ्या फुटल्यात."

देवदत्तने मान वर केली नाही. "फुटल्यात ना?"

"हो, पण कशा..."

"तक्त्यात दोनच रकाने आहेत, गोपाळराव. शाबूत आणि फुटली. कशी फुटली, ते लिहायला रकाना नाही. खोटं लिहा असं मी म्हणतोय का?"

नव्हता म्हणत. म्हणून गोपाळकृष्णांनी सात वेळा 'फुटली' लिहिलं आणि खाली सही केली. अक्षरन् अक्षर खरं होतं. दोन महिन्यांत हळदकट्टा पडला. नव्या कॉम्प्लेक्समधला गाळा दादाला परवडण्यासारखा नव्हता. तो सायकलला पिशवी लावून माधवनगरच्या गिरणीबाहेर वह्या विकत हिंडला आणि तिसऱ्या वर्षी गेला. जाताना बायकोला, उमावहिनींना, एवढंच म्हणाला की गोपाळने सही केली.

वहिनींनी दादाची सगळी हत्यारं विकली, एक सोडून. पुस्तकाची पाठ ठोकायचा गोल तोंडाचा छोटा हातोडा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून, एक ओळही न लिहिता, सांगली सोडून साताऱ्याच्या वाचनालयात आलेल्या गोपाळकृष्णांना धाडून दिला. तेव्हापासून गोपाळकृष्ण त्याच हातोड्याने वाचनालयाची पुस्तकं दुरुस्त करत आले होते. तेव्हापासून कुठेही सही करायची वेळ आली की त्यांचा हात अडे.

चार दिवसांनी देवदत्त स्वतः काचा लावायला आला. केस काळे केलेले, पोट सुटलेलं, बोटात खड्याची अंगठी. आठ भेगा, आठ काचा. गोपाळकृष्ण छत्री घेऊन अगदी जवळ उभे राहिले. त्याने ओळखावं म्हणून चष्मासुद्धा काढला.

"आजोबा, जरा सरका तिकडं. उजेड अडतोय," देवदत्त म्हणाला.

तो त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता.

त्याच दिवशी दुपारी गोपाळकृष्णांनी फ्रेमवाल्याकडून आठ पट्ट्या कापून आणल्या. भेग आरपार असते. बाहेरून दिसते तीच आत गाळ्यातही असते, फक्त तिच्यापुढे फडताळ असतं. नानासोच्या पेढ्यांच्या परातींमागे, हरणाबाईच्या घोंगड्यांच्या चळतीमागे, भांडीवाल्याच्या घागरींमागे त्यांनी आपल्या आठ साक्षी बसवल्या. प्रत्येक काचेखाली तारखेचा कागद आणि त्यावर गाळेवाल्याची सही. नानासो शिडी धरून उभा होता.

"काका, बाहेर काच, आत काच. हे काय लगीन लावताय काय भिंतीचं?"

"बाहेरची खोटं बोलली, तर आतली खरं सांगेल."

"काच कशी खोटं बोलंल?"

"मी ऐकलंय तिला बोलताना," गोपाळकृष्ण म्हणाले. नानासोला काही समजलं नाही, पण शिडी त्याने घट्ट धरली.

हरणाबाई माण तालुक्यातली, सत्तरीला टेकलेली धनगर बाई. सातव्या गाळ्यात तिचा संसार घोंगड्यांवर चालला होता. "मला सही न्हाई येत मास्तर. आंगठा चालंल का?"

"सहीपेक्षा बरा."

मग पावसाळाभर ते रोज संध्याकाळी पायरीवर बसून वहीत खुणा करू लागले. पेढ्याला आलेली किती माणसं पुढे घोंगड्या बघतात, भांड्यांकडे आलेली किती चहाला थांबतात, गावाबाहेरची गाडी कुठली.

"मास्तर, माणसं मोजताय का मेंढरं?" हरणाबाईने विचारलं.

"तुम्ही मेंढरं कशाला मोजता?"

"कोल्ह्यानं किती नेली ते कळाय नगं?"

"मीही तेवढ्यासाठीच मोजतोय."

श्रावणात ते सांगलीला गेले. हळदकट्ट्याच्या जागेवरचं कॉम्प्लेक्स पंचवीस वर्षांनी कसं दिसतं ते त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. बेचाळीस शटर, त्यातली एकोणतीस बंद. जिन्यात पानाच्या पिंका. समोरचा चहावाला, टोपीवाला, पाटी-पुस्तकवाला, कुणीच उरलं नव्हतं. शेतकरी टेम्पोतून थेट यार्डात जात होता आणि तिथूनच परत. एका इमारतीबरोबर अख्खी गल्ली गेली होती. त्यांनी ते सगळं वहीत उतरवलं. उतरवताना त्यांना फार गोड वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. शत्रूच्या अंगावरचे फोड मोजावेत तसे ते बंद शटर मोजत होते.

तिथून माधवनगरला वहिनींकडे.

"भावजी, चहा घेणार?" वहिनींनी विचारलं. वर्षातून एकदा ते येत आणि वर्षातून एकदा त्या हेच विचारत. घरी आलेल्या मीटरवाल्यालाही त्या याच आवाजात विचारत असतील.

"वहिनी, तो सापडलाय. काचा फोडणारा."

वहिनी पातेलं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "तुम्ही त्याला फोडताना पाहिलं होतं?"

"नाही."

"मग काय पाहिलं होतं?"

पंचवीस वर्षं जे वाक्य घशात होतं ते आता टाळता येण्यासारखं नव्हतं. "काचेवर चांदणी होती. घाव घातल्याची."

"हे आता कळलं?"

"तेव्हाच दिसलं होतं."

"दिसलं, आणि तरी सही केलीत." वहिनींनी पातेलं खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "तपासणी कधी आहे?"

"दसऱ्यानंतरच्या बुधवारी."

"मी येईन."

गणपती झाले, नवरात्र आलं, आणि गोपाळकृष्णांची झोप उडाली. कारण काचा फुटत नव्हत्या. साताऱ्याचा सगळा पाऊस अंगावर घेऊन भिंत जागची हलली नव्हती. त्याचं त्यांना नवल नव्हतं. पण देवदत्तही येत नव्हता, त्याचा माणूसही येत नव्हता. रोज सकाळी ते आठ काचा बघून येत आणि आठही शाबूत बघून हिरमुसत. आता हा माणूस म्हातारपणी प्रामाणिक झाला की काय? बुधवारी येईल, आठ वेळा 'शाबूत' लिहील, गाळेवाले त्याला हार घालतील, नानासो पेढा भरवील. इमारत वाचेल. आणि तो सज्जन ठरून सांगलीला परत जाईल.

इमारत वाचेल, हे पुरेसं का वाटत नाही, असं त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर चांगलं नव्हतं. त्यांना इमारत नको होती. त्यांना तो हवा होता.

मंगळवारी पेठेला सुट्टी असते. तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी परतीचा पाऊस कोसळत होता आणि बारा कमानींखाली कुत्रंही नव्हतं. गोपाळकृष्ण छत्री उघडी ठेवून पहिल्या काचेपुढे उभे राहिले आणि पिशवीतून दादाचा हातोडा काढला.

टक्. काचेवर चांदणी उमटली. पुढची. टक्. पाचवीच्या वेळी कपची उडून अंगठ्यात घुसली तेव्हा ते थांबले. आठही फोडण्याची गरज नव्हती. रक्त पावसाच्या पाण्यात धुऊन त्यांनी हातोडा पिशवीत टाकला. देवदत्तने फोडल्या असं उद्या आपण म्हणायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. जे त्याने आपल्यापुढे ठेवलं होतं तेच आपण त्याच्यापुढे ठेवतोय. पाच चांदण्या. बघू काय लिहितो.

बुधवारी पेठ भरली होती. ट्रस्टचे अध्यक्ष मानसिंगराव फेटा बांधून आले होते. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, गावाकडे ऊस, आणि इथे देवदत्तने आखलेलं कॉम्प्लेक्स झालं की पेठेचा विकास होईल असा मनापासून विश्वास. हरणाबाईच्या गाळ्यात घोंगड्यांच्या चळतीला टेकून उमावहिनी उभ्या होत्या. त्या सकाळच्या एसटीने आल्या होत्या. त्यांनी गोपाळकृष्णांच्या अंगठ्याच्या पट्टीकडे एकदा पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

देवदत्त हातात तक्ता घेऊन पहिल्या काचेपाशी आला. वाकला. त्याचं बोट काचेवरून फिरत त्या पांढऱ्या ठिपक्याशी येऊन थांबलं.

त्याला दिसलं होतं. खात्रीने दिसलं होतं. बोल, गोपाळकृष्ण मनात म्हणाले. आत्ता बोल, की ही काच कुणीतरी फोडलीय. मी हातोडा सगळ्यांसमोर काढून ठेवतो आणि तुझ्या पाया पडतो.

देवदत्तने आजूबाजूला एक नजर टाकली, बोट उचललं आणि पेन उघडलं.

"फुटली," तो म्हणाला.

पाच वेळा म्हणाला. मग तक्त्याखाली ती लांब शेपटीची सही केली आणि तक्ता मानसिंगरावांच्या हातात दिला. "आठपैकी पाच. भिंत चालू आहे, अजून सरकतेय. लोकांच्या जिवाशी खेळ नको. लवकर उतरवलेली बरी."

"मंग क्लिअर हाय रिपोर्ट," मानसिंगराव म्हणाले.

"थांबा आध्यक्ष!" नानासो ओरडला. "आमच्या काकांना बोलायचंय."

सगळ्यांच्या माना गोपाळकृष्णांकडे वळल्या. किती रात्री हे भाषण त्यांनी पाठ केलं होतं. एक शब्द आठवेना. ते नुसतेच नानासोच्या गाळ्यात शिरले आणि परात उचलायला लागले. नानासोने दुसरी बाजू धरली. फडताळ सरकलं. मागे भिंतीवर काच होती, तारीख होती, सही होती. एक चराही नव्हता.

मानसिंगराव वाकून बघत राहिले. मग भांड्यांचा गाळा. मग हरणाबाईचा. आठ गाळे, आठ काचा, आठही शाबूत. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा फौजेतला झाला होता.

"सायेब, भिंत एकच हाय न्हवं? भायेरनं हालली, आन् आत काय झोपली व्हती?"

लोक हसले. देवदत्तच्या कपाळावर घाम आला. "कुणीतरी बनवाबनवी केलीय. या बाहेरच्या... या कुणीतरी फोडल्यात. मी नाही फोडल्या."

"तुम्ही फोडल्या असं मी कुठे म्हटलं?" गोपाळकृष्णांना अचानक आवाज सापडला. बारीकच होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मी एवढंच विचारतो. फोडल्यात हे आत्ता दिसलं, की मघाशी बोट ठेवलंत तेव्हाच दिसलं होतं?"

देवदत्तने पेनाला टोपण लावलं.

"काचेवर चांदणी आहे. इंजिनिअरला चांदणी कळते. तरी 'फुटली' लिहिलंत, सही केलीत. सांगलीचा हळदकट्टा आठवतो का साहेब? एकोणसत्तर साल. अकरापैकी सात."

आता मात्र त्याने ओळखलं. त्याच्या डोळ्यांत ते नाव उमटलेलं गोपाळकृष्णांना स्पष्ट दिसलं, आणि तो क्षण त्यांनी जिभेवर पेढा धरावा तसा धरून ठेवला.

"गोपाळराव... ते फार जुनं झालं."

"चौथा गाळा माझ्या नवऱ्याचा होता," उमावहिनी चळतीमागून म्हणाल्या.

"बाई, पंचवीस वर्षं झाली त्याला."

"तुम्हाला झाली असतील."

गोपाळकृष्णांनी वही मानसिंगरावांना दिली. त्यात एका पानावर सांगलीचे शटर होते, दुसऱ्यावर बारा कमानींखाली येणारी माणसं. मानसिंगरावांनी बोट फिरवत सावकाश वाचलं. "सायेब, कॉम्प्लेक्स झालं की भरभराट हुतीया, आसं तुमीच आमाला सांगितलं व्हतं. सांगलीत बेचाळिसात एकुणतीस बंद हायती म्हनं. ही कुणाची भरभराट?"

देवदत्त गाडीकडे निघाला. घाईत त्याचा पाय पायरीवरून घसरला, पण हात द्यायला कुणी पुढे झालं नाही.

"सायेब, घोंगडं घिऊन जावा," हरणाबाईने मागून हाक दिली. "थंडी वाजतीया जणू तुमास्नी!"

ही गोष्ट तो सांगलीत पोचण्याआधी सांगलीत पोचली. दोन ट्रस्टांनी त्याच्याकडची कामं काढून घेतली, मग तिसऱ्याने. बारा कमानी मात्र पाडायच्या नाहीत, दुरुस्त करायच्या असं ठरलं. जुन्या दगडाला सिमेंट चालत नाही म्हणून वाईकडचे चुन्याचे गवंडी शोधून आणले, आणि पेठेत पुन्हा चुना मळला जाऊ लागला.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला गोपाळकृष्णांनी एक पोस्टकार्ड घेतलं. पाकीट नाही, कार्डच. पोस्टमनने वाचलं पाहिजे, घरातल्यांनी वाचलं पाहिजे. पत्ता देवदत्तचा घातला आणि लिहिलं :

'बारा कमानींचं चुन्याचं काम पुरं झालं. चार गवंडी आणि नऊ बायका सहा महिने कामाला होत्या. काच शाबूत.'

खाली सही केली नाही. त्याची गरजही नव्हती. मग दर पाडव्याला एक.

१९९६ : 'वरचा मजला उघडला. खानावळ चालू झाली. महाबळेश्वरच्या गाड्या आता इथे जेवायला थांबतात. काच शाबूत.'

१९९७ : 'वाईला आलेल्या सिनेमावाल्यांनी आठ दिवस कमानींखाली शूटिंग केलं. समोरच्या बोळात दोन लॉज, एक शिंपी, एक फोटोवाला आला. काच शाबूत.'

१९९८ : 'हरणाबाईच्या सुनेने शेजारचा गाळा घेतला. तासगावचे बेदाणेवाले गाळा मागतात, पण एकही रिकामा नाही. काच शाबूत.'

पेठेतल्या लोकांना वाटे, काकांना या इमारतीचं केवढं प्रेम! मानसिंगरावांनी त्यांचा सत्कार करायचा म्हटलं तर त्या दिवशी ते वाचनालयाला आतून कडी घालून बसले. पेठ भरत होती, माणसं पोटाला लागत होती, आणि ते सगळं ते एका माणसाला टोचायला सुईसारखं वापरत होते. वर्षभर ते नवं दुकान, नवं गिऱ्हाईक हेरून ठेवत, आणि कार्ड पेटीत पडलं की त्या रात्री त्यांना शांत झोप लागे.

१९९९च्या पाडव्यानंतर मात्र उत्तर आलं. अक्षर वाकडंतिकडं होतं आणि सहीची शेपटी मधेच तुटली होती.

'अंथरुणाला खिळलो आहे. फार दिवस नाहीत. सांगलीच्या सात काचा मी फोडल्या. साताऱ्याच्या पाच मी फोडल्या नाहीत. हे कुणालाच पटत नाही, घरच्यांनाही. त्या कोणी फोडल्या, तेवढं कळवा.'

ज्या कबुलीसाठी तीस वर्षं काढली, ती पोस्टकार्डावर दोन ओळींत आली होती. गोपाळकृष्णांना ती गोड लागली नाही. दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते कार्ड खिशात घालून माधवनगरला गेले.

वहिनींनी कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. मग पालथं करून ठेवलं.

"वहिनी, त्या पाच काचा मीच..."

"माहीत आहे मला. तुमच्या अंगठ्याला पट्टी होती. आणि काचेवरचा ठिपका वाटोळा होता. त्या हातोड्याचा ठसा मी ओळखत नाही का? बारा वर्षं शेजारी बसून खळ लावलीय मी."

गोपाळकृष्ण खाली बघत राहिले. "दादाला आवडलं नसतं."

"नाही. ह्यांना अजिबात आवडलं नसतं."

"आणि तुम्हाला?"

वहिनी उठल्या. फडताळातून एक कोरं पोस्टकार्ड आणि पेन काढून त्यांनी त्यांच्यापुढे ठेवलं.

"मला आवडलं," त्या म्हणाल्या.

"माणूस मरायला टेकलाय, वहिनी. खरं कळवावं का?"

"खरंच कळवा की. त्याने तरी तुम्हाला खोटं कुठे लिहायला लावलं होतं?"

गोपाळकृष्णांनी पेन हातात धरलं. सांगलीतलं ते टेबल, मान वर न करणारा तो माणूस, तो तक्ता, सगळं समोर आलं. मग त्यांनी लिहिलं :

'साताऱ्याच्या पाच काचा फुटल्या होत्या, असं आपण स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. कशी फुटली, ते लिहायला रकाना नाही.'

वहिनींनी वाचलं आणि कार्ड परत त्यांच्याकडे सरकवलं. "सही राहिली," त्या म्हणाल्या. "चहा टाकते. दूध आहे आज, चांगला करते. बसा."

गोपाळकृष्णांनी पूर्ण नावानिशी सही केली. या वेळी हात अडला नाही. कार्ड पुन्हा वाचूनही पाहिलं नाही.